दवाखान्याच्या कारभाऱ्यांचीही तपासणी हवी

'थोरला दवाखाना' म्हटले की कोल्हापूरकरांना सीपीआर आठवतो. तिथे रुग्णाची गाठ पडते ती डॉक्टर आणि नर्स यांच्याशी. मात्र त्यांच्यामागे अधिष्ठाता, वैद्यकीय अधीक्षक, विभागप्रमुख, मेट्रन, प्रशासकीय अधिकारी अशी वरिष्ठ मंडळी असतात. सरकारी असो वा ट्रस्टचे, प्रत्येक मोठ्या रुग्णालयात अशी मंडळी असतातच. त्यातील प्रत्येक जण हुशार असेल. पण ते एकमेकांना धरून काम करतात का?

हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १९९१ ते १९९५ या काळात हृदयशस्त्रक्रियेनंतर एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके अपेक्षेपेक्षा जास्त दगावली. एका भूलतज्ज्ञाने शंका वेळीच बोलून दाखवली होती. २००१ च्या चौकशी अहवालाने म्हटले, की माणसे तळमळीची होती. पण त्यांच्यात संवाद नव्हता, एकजूट नव्हती आणि सत्ता मोजक्याच हातांत होती.

मग ही एकजूट जोखायची कशी? त्यासाठी चार साध्या कसोट्या आहेत.

१) बैठका ठरल्या दिवशी होतात का? मागील निर्णयांपैकी किती अमलात आले?

२) प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावे, 'यंदाची तीन महत्त्वाची कामे कोणती?' उत्तरे जुळली नाहीत, तर दिशा एक नाही असे समजावे.

३) 'हे चुकते आहे' असे मेट्रन सर्वांसमोर निर्धास्तपणे सांगू शकते का?

४) यंत्र बंद पडले किंवा औषध संपले, तर जबाबदारी कोण घेतो? की कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो?

ही उत्तरे नाव न लिहिता घ्यावीत, हाताखालच्या कर्मचाऱ्यांकडूनही घ्यावीत, आणि दरवर्षी पडताळावीत. उद्देश दोषी शोधण्याचा नसून दुरुस्तीचा असावा. नाहीतर खरे कोणी बोलणार नाही.

यात नागरिकांचाही वाटा आहे. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात सरकारी रुग्णालयांसाठी रुग्ण कल्याण समित्यांची तरतूद झाली. आपल्या भागातील समितीच्या सदस्यांना हे प्रश्न जरूर विचारा.

२०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले आहेत. रस्ते पाण्याखाली गेल्यावर एकमेकांशी जुळवून घ्यायला शिकण्याइतकी सवड नसते. ती सवय आधीच लागलेली असावी लागते.