घरच्या जुन्या पिकअपची परीक्षा आणि दुरुस्ती

पूर्वीं शेतकऱ्याच्या घरीं बैल आजारी पडला म्हणजे घरांतील जाणता माणूस प्रथम त्याचे कान, डोळे व शेण पाहत असे, आणि मगच वैद्यास बोलावणें पाठवीत असे. आतां पुष्कळ घरीं मालवाहतुकीचें काम बैलांकडून डिझेलच्या पिकअप गाडीकडे आलें आहे. पण पाहण्याचें तें वळण मात्र आपण तिच्यासाठीं राखलें नाहीं. गाडी सुरू झाली नाहीं कीं आपण मिस्त्रीस फोन करतों, तो एखादी वस्तु सांगतो, आपण ती आणतों; आणि ती बसवूनहि गाडी अडूनच राहिली तर दुसरी आणतों. जुन्या गाडीवर होणाऱ्या खर्चाचा बराच भाग दुरुस्तीचा नसून अंदाजाचा असतो, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

प्रस्तुत लेखक यंत्रशास्त्री नव्हे. माझी सारी नोकरी तहसील कचेरींत कारकुनी करण्यांत गेली, आणि अठ्ठावन्न वर्षें पूर्ण होतांच मी निफाड तालुक्यांतील आमच्या मळ्यावर येऊन राहिलों. कचेरींत एक गोष्ट अंगीं मुरली ती एवढीच कीं, पाहणी व पंचनामा झाल्यावांचून नोंद धरूं नये. गाडीच्या बाबतींत हा नियम मीं एकदां मोडला व त्याचा दंड भरला. दुसऱ्या वेळीं पाळला, तेव्हां मोठें नुकसान टळलें. त्या दोन्ही हकीकती पुढें येतील.

पौषांतील एक पहाट

गेल्या पौषांत एके दिवशीं पहाटे पांच वाजतां सुमारें चौदा क्विंटल लाल कांदा भरून आमची पिकअप लासलगांवच्या लिलावास निघावयाची होती. गाडी जुनी, साध्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाची. निफाडची थंडी वाचकांस ठाऊकच आहे. पुतण्यानें किल्ली फिरविली. सेल्फ जोरानें फिरला, पण इंजिन धरीना. आठ-दहा वेळां प्रयत्न झाल्यावर तो खालीं उतरला व म्हणाला, "काका, पंपच गेला. महिनाभर रोज सकाळीं त्रास देतच होती." मिस्त्रीनेंहि फोनवर तेंच सांगितलें : "भाऊसाहेब, पंप खोलावा लागेल. पंधरा-वीस हजार धरून चाला."

कांदा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत हलवावा लागला. भाडें गेलें आणि सकाळचा लिलावहि हुकला. घरांत जुनी गाडी मोडींत काढून कर्जानें नवी घेण्याची भाषा सुरू झाली. ज्या वर्षीं कांद्याच्या भावाचा भरंवसा नाहीं, त्या वर्षीं असें कर्ज म्हणजे जमिनीवर बोजा चढविणेंच होय. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत असे बोजे मीं स्वतःच्या हातानें पुष्कळ लिहिले आहेत. म्हणून मीं पुतण्यास म्हटलें, "आजचा दिवस मला दे. पंप खोलण्यापूर्वीं त्याचा गुन्हा तरी शाबीत होऊं दे."

इंजिनास काय लागतें

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचें इंजिन १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें यशस्वी ठरलें. त्याचें तत्त्व आजहि तेंच आहे. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी लागते, डिझेलच्या इंजिनांत ती लागत नाहीं. सिलिंडरांत शिरलेली हवा दट्ट्याखालीं सुमारें विसाव्या हिश्शाएवढी दाबली जाते, त्या दाबानें ती अतिशय तापते, आणि त्या तप्त हवेंत डिझेलचा बारीक फवारा पडतांच तो पेटतो. थंडींत हवा पुरेशी तापावी म्हणून कांहीं इंजिनांत हीटर प्लग बसविलेले असतात. तेव्हां इंजिन सुरू होण्यास चार गोष्टी लागतात : जोरानें फिरणें, स्वच्छ हवा, दाब व उष्णता, आणि वेळेवर मिळणारें डिझेल. चारांपैकीं कोणती नाहीं एवढें ठरलें कीं अर्धें काम झालें.

ज्यांच्या विहिरीवर एके काळीं ऑइल इंजिन होतें त्यांना हें नवें वाटणार नाहीं. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं निघाली, आणि तशा इंजिनांवर दोन पिढ्यांनीं मोट सोडून पाणी काढलें. "इंजिनानें हवा धरली" हा शब्दप्रयोग आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं तेव्हांपासूनच आहे. तो लक्षांत ठेवावा. पुढें त्याचेंच काम पडणार आहे.

पहिली पाहणी : वीज

सेल्फ मंद फिरत असेल किंवा नुसता "टक्" असा आवाज होत असेल, तर डिझेलकडे पाहूंच नये. पुढील दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम विझले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा जोड सैल आहे. दिवे तसेच राहिले व सेल्फ मुळींच हलला नाहीं, तर दोष बहुधा किल्लीपासून सेल्फपर्यंतच्या तारेंत किंवा सोलेनॉइडमध्यें असतो.

साधा मल्टिमीटर प्रत्येक घरीं असावा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ दाखविल्यास ती निम्मीच भरलेली समजावी. सेल्फ फिरत असतांना आंकडा ९.६ च्या खालीं जाऊं नये. इंजिन चालूं असतांना तो सुमारें १३.८ ते १४.४ असावा, तसा नसल्यास आल्टरनेटर व त्याचा पट्टा पाहावा.

माझी चूक येथेंच झाली होती. दोन वर्षांपूर्वीं सेल्फ मंद फिरूं लागला. मीं प्रथम नवी बॅटरी घेतली, मग सेल्फच बदलविला, आणि तरीहि दुखणें कायम राहिलें. अखेर दोष निघाला तो बॅटरीच्या वजा टर्मिनलापासून इंजिनाकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टींत; ती गंजून आंतून तुटत आली होती. मीटरची एक तार वजा टर्मिनलाला व दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ फिरविला असता, तर अर्ध्या व्होल्टाहून अधिक आंकडा दिसला असता, आणि दोन मिनिटांत निकाल लागला असता. टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशी असल्यास खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावी, कोरडें करून घट्ट आवळावें व वरून व्हॅसलिन लावावें. सोडतांना वजा टर्मिनल आधीं सोडावें आणि जोडतांना शेवटीं जोडावें.

त्या पहाटे मात्र सेल्फ जोरांत फिरत होता. म्हणून वीज निर्दोष ठरवून आम्हीं पुढें गेलों.

दुसरी पाहणी : धूर

सेल्फ फिरत असतांना एकानें सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहत उभें राहावें. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोंचत आहे पण पेटत नाहीं; अशा वेळीं हीटर प्लग, दाब किंवा पंपाची वेळ यांवर संशय धरावा. इंजिन चालूं असून काळा धूर निघत असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. प्रथम एअर फिल्टर काढून पाहावा. आपल्याकडे तो धुळीनें व भुशानें भरलेला सांपडणें नवल नाहीं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. आणि धूर मुळींच नसेल, तर सिलिंडरांत डिझेल जातच नाहीं.

आमच्या गाडींत धुराचा लवलेशहि नव्हता. चार कारणांपैकीं तीन यामुळें बाजूस पडलीं, आणि राहिला तो टाकीपासून नोजलपर्यंतचा डिझेलचा मार्ग.

तिसरी पाहणी : डिझेलचा मार्ग

प्रथम पंपावरील स्टॉप सोलेनॉइड पाहावा. किल्ली चालूं करतांच त्यांत "टक्" असा आवाज झाला पाहिजे. न झाल्यास त्याची तार निसटली आहे काय तें पाहावें. एवढ्याशा तारेपायीं सारा पंप उतरविला जाण्याचा संभव असतो. आमचा आवाज ठीक होता.

नंतर डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून थोडें डिझेल कांचेच्या बाटलींत घ्यावें. पाणी असल्यास तें खालीं बसलेलें स्पष्ट दिसतें. आमच्या बाटलींत पाणी नव्हतें. मग फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारावा. आम्हीं तो मारतांच फेस व बुडबुडे येऊं लागले, आणि कितीहि पंप मारला तरी ते थांबेनात. इंजिनानें हवा धरली होती, हें सिद्ध झालें. पण ती कोठून?

याचा निकाल करणारी परीक्षा अगदीं सोपी आहे. टाकीकडून फिल्टरकडे येणारा पाइप फिल्टरजवळ सोडावा. त्याच्या जागीं नवा पाइप लावून त्याचें दुसरें टोंक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्यें बुडवावें व कॅन फिल्टरहून उंचावर पक्का बांधावा. हातपंपानें हवा काढून, स्क्रू आवळून, सेल्फ मारावा. गाडी सुरू होऊन नीट चालूं राहिली, तर पंप, नोजल व फिल्टर निर्दोष असून दोष टाकीकडच्या बाजूस आहे. तशीच अडून राहिली, तर दोष पुढें आहे. आणि तेव्हां पंपाचा खर्च सकारण ठरतो.

आमची गाडी दुसऱ्याच प्रयत्नांत सुरू झाली. पुतण्या माझ्याकडे पाहत राहिला.

मग टाकीकडचा पाइप इंच-इंच तपासला. टाकीहून येणारी लोखंडी नळी ज्या रबरी पाइपास जोडलेली होती, त्या पाइपाला क्लिपेच्या खालीं बारीक चीर गेली होती. बाहेर डिझेलचा थेंबहि नव्हता, म्हणूनच ती कोणास दिसली नव्हती. या भागांत डिझेल ओढलें जातें, ढकललें जात नाहीं. त्यामुळें चिरेंतून डिझेल बाहेर न येतां हवा आंत जाते. गाडी रात्रभर उभी राहिली कीं डिझेल टाकीकडे परत उतरतें व पाइप रिकामा होतो. दिवसां बिनतक्रार चालणारी गाडी रोज सकाळींच कां अडे, याचा उलगडा झाला. हातभर डिझेल पाइप व दोन क्लिपा यांस दोनशें रुपयेहि लागले नाहींत.

घरीं काय करूं नये

जेथें आपलें काम संपतें तेथें थांबणें हेंहि ज्ञानच आहे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं केव्हांहि शिरूं नये. चाकांस ओंडके लावावे व चेसिसखालीं लोखंडी स्टँड द्यावे. विटांवर भरंवसा ठेवूं नये, त्या भाराखालीं अकस्मात् फुटतात. बॅटरीजवळ विडी-काडी नको. चार्ज होतांना तिच्यांतून पेटणारा वायु निघतो. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. हीटर प्लग असलेल्या इंजिनांत ईथरचा फवारा मारूं नये. स्फोट होऊं शकतो. सेल्फ एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांहून अधिक फिरवूं नये, व मध्यें निदान एक मिनिट विसांवा द्यावा.

नोजलच्या फवाऱ्यापुढें हात कधींहि धरूं नये. तें डिझेल कातडी भेदून मांसांत शिरतें. जखम टांचणीएवढी दिसते व फारशी दुखतहि नाहीं, पण बोट किंवा हात जाण्याची वेळ येते; असें झाल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

पंपाचें कॅलिब्रेशन, नोजलचा दाब, ब्रेक व स्टिअरिंग हीं कामें जाणत्या कारागिराचींच. तसेंच, वर सांगितलेल्या परीक्षा यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांपुरत्या समजाव्या. नव्या कॉमन रेल गाड्यांत डिझेलचा दाब हजार बारच्याहि वर जातो, व दोष शोधण्यास स्कॅनर लागतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांच्या गाड्यांस तर घरीं पाना लावूंच नये.

शेवटची सूचना

गाडीची एक वही ठेवावी. तींत तारीख, किलोमीटर, बदललेली वस्तु, तिची किंमत व गाडीचें लक्षण लिहावें. आमचा त्रास सुरू झाला तो फिल्टर बदलल्यानंतर, हें आम्हांस मागाहून आठवलें. त्या वेळीं जुना, कडक झालेला पाइप ओढला गेला असावा. वही असती तर तें पहिल्याच सकाळीं दिसलें असतें.

मिस्त्री हा आपला शत्रु नव्हे. फोनवर "गाडी सुरू होत नाहीं" एवढेंच सांगितलें, तर तो बिचारा अंदाजावांचून काय करणार? त्याऐवजीं "सेल्फ जोरानें फिरतो, धूर येत नाहीं, कॅनवर लावली तर चालते" असें सांगितलें, तर त्याचाहि वेळ वांचतो व आपलाहि पैसा. आमच्या मिस्त्रीस हें सारें कळविलें तेव्हां तो म्हणाला, "भाऊसाहेब, गिऱ्हाइकानें एवढें पाहून ठेवलें तर आम्हांला पंप खोलायची हौस थोडीच आहे?"

वही आतां पुतण्या लिहितो. तींतील पहिली नोंद त्या पाइपची आहे, आणि तिच्याखालीं त्यानें त्या दिवशींच्या ट्रॉलीचें भाडेंहि न विसरतां मांडलें आहे.