खांदेदुखीवर कोणती गोळी?

क्रुसाची खूण करावयास हात उचलावा आणि तो कपाळास लागण्यापूर्वीच खांद्यातून कळ निघावी, हा अनुभव आपल्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी अनेकांस आहे. केस विंचरवत नाहीत, दोरीवर धुणे टाकवत नाही, रात्री त्या कुशीवर निजवत नाही. मग शेजाऱ्यास गुणकारी ठरलेली एखादी 'जोरदार' गोळी दुकानातून आणविली जाते.

परंतु जोरदार म्हणजे कोणती? ॲस्पिरिन १८९९ साली बाजारात आले, आयबुप्रोफेन १९६९ साली इंग्लंडात. पाठोपाठ नेप्रॉक्सेन व डायक्लोफेनॅक आली. ही सारी एकाच कुळातील भावंडे. सूज व वेदना वाढविणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये ॲस्पिरिनसारखी औषधे शरीरात तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. मात्र हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा राखतात. म्हणजे गुण आणि अपाय एकाच मुळातून येतात.

योग्य मात्रेत घेतल्यास ह्या भावंडांपासून खांद्यास मिळणारा आराम जवळजवळ सारखाच असतो. खरा भेद अपायात आहे. नेप्रॉक्सेनचा त्रास पोटास अधिक, डायक्लोफेनॅकचा धोका हृदयास अधिक. सेलेकॉक्सिब जठराला त्यातल्या त्यात सांभाळून घेते, मूत्रपिंडांना नाही; त्याच्याच जातीचे रोफेकॉक्सिब तर हृदयविकाराच्या झटक्यांमुळे २००४ साली बाजारातून काढून घ्यावे लागले. आपल्या आकाशातील गिधाडे नाहीशी झाली तीही मुख्यत्वे डायक्लोफेनॅकमुळे. ते टोचलेली गुरे मेल्यावर गिधाडांनी खाल्ली व त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००६ साली सरकारने गुरांसाठी त्यावर बंदी घातली. मनुष्य म्हणजे गिधाड नव्हे हे खरे, तरी ज्याची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत त्याने ही गोष्ट ध्यानी धरावी.

तेव्हा डॉक्टरांस 'जोरदार द्या' असे न म्हणता आपला रक्तदाब, मधुमेह, पोटातील जुना व्रण, रक्त पातळ करणारी गोळी, हे सारे आधी सांगावे. वेगळ्या नावांच्या दोन वेष्टनांत पुष्कळदा औषध एकच असते; दोन्ही घेतली की मात्रा दुप्पट होते.

मधुमेह्यांचा खांदा विशेष आखडतो. कॉडमन या अमेरिकन शल्यवैद्यांनी १९३४ साली त्या विकारास 'गोठलेला खांदा' हे नाव दिले. गोळीने त्यातील वेदना सुसह्य होते; मुदत मात्र फारशी घटत नाही, आणि ती एकदोन वर्षांचीही असते. कळ उतरली असता चांगल्या हाताने मेजाचा आधार घेऊन पुढे वाकावे, दुखरा हात सैल सोडावा आणि घंटेच्या लोलकासारखा हळूहळू झुलवावा.

डाव्या खांद्यातील कळेबरोबर छाती दाटून घाम सुटला, तर मात्र गोळी शोधीत न बसता तडक रुग्णालय गाठावे.