परदेश प्रवासाला कॅमेरा न्यायचा, पण कोणता?

अलीकडे आपल्यातील अनेक कुटुंबे परदेशाची वाट धरू लागली आहेत. कोणी लंडनला शिकणाऱ्या मुलाकडे जातात, कोणी गटाने श्रीलंका, थायलंड किंवा नेपाळमधील लुंबिनीचे दर्शन घेऊन येतात. पासपोर्ट, व्हिसा, औषधे, परकीय चलन यांची तयारी महिनोन्‌महिने चालते. कॅमेऱ्याचा विषय मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यात निघतो. मग कोणी शेजाऱ्याचा मोठा कॅमेरा उसना आणतो, कोणी दुकानदार म्हणेल तो विकत घेतो, तर कोणी ‘फोन आहे की’ म्हणून विषय संपवतो. या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार व्हावा, म्हणून हा लेखप्रपंच.

हा प्रश्न हौसेपुरता नाही. आपल्या कितीतरी घरांत आजोबा-आजींचा एकही धड फोटो नाही. असलाच तर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, नाहीतर नोकरीच्या ओळखपत्रावरचा. पूज्य बाबासाहेब १९५० साली श्रीलंकेला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले, १९५६ साली काठमांडूच्या परिषदेला गेले. काठमांडूची छायाचित्रे आज आपल्याला दस्तऐवजासारखी वाटतात, कारण त्या क्षणी कोणाच्या तरी हातात कॅमेरा तयार होता. आपल्या घरचा प्रवासही आपल्या नातवंडांसाठी उद्या असाच दस्तऐवज ठरणार आहे. शिवाय बहुतेकांच्या आयुष्यात असा प्रवास एकदाच घडतो. हुकलेला फोटो काढायला पुन्हा जाता येत नाही.

फोन असताना कॅमेरा कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. आजचे चांगले फोन उत्तम फोटो काढतात आणि त्यांतले बरेच पाण्यालाही दाद देत नाहीत. चार-पाच दिवसांचा, शहरातल्या शहरात प्रवास असेल तर वेगळा कॅमेरा घेण्याची गरज नाही, हे आम्ही स्पष्टच सांगतो. ते पैसे वाचवावेत.

परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आज फोनमध्ये आपले विमानाचे तिकीट असते, हॉटेलचा पत्ता असतो, नकाशा असतो, पैसे असतात आणि घरच्यांशी बोलण्याचे साधनही तेच असते. दिवसभर फोटो काढून संध्याकाळी फोन बंद पडला किंवा पाण्यात पडला, तर परक्या मुलुखात माणूस एकदम उघडा पडतो. मुख्यतः यासाठी दहा-पंधरा दिवसांच्या प्रवासात कॅमेरा वेगळा असावा. तो हरवला तर फोटो जातील, पण परतीची वाट जाणार नाही.

लहान आणि दणकट

पूर्वी आपल्याकडे वडोदऱ्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा लोकप्रिय होता. एका रोलवर बारा फोटो निघत. पुढे हॉट शॉट आला, याशिका एमएफ-२ आला. या कॅमेऱ्यांत कौशल्याचे काम थोडे होते, पण ते पिशवीत मावत आणि घरातला कोणीही ते हाताळू शकत असे. प्रवासाच्या कॅमेऱ्याची आजही तीच पहिली कसोटी आहे. किलोभर वजनाचा कॅमेरा पहिल्या दिवशी गळ्यात असतो, तिसऱ्या दिवशी पिशवीत आणि पाचव्या दिवशी हॉटेलच्या खोलीत.

दुसरी कसोटी दणकटपणाची. बाजारात काही छोटे कॅमेरे मुद्दाम खडतर वापरासाठी बनवलेले असतात. उदाहरण म्हणून ओएम सिस्टीम कंपनीचा टीजी-७ घेऊ. तो २०२३ साली आला. ही मालिका आधी ऑलिंपस या नावाने निघत असे. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे तो १५ मीटर खोल पाण्यात चालतो, २.१ मीटर उंचीवरून पडला तरी टिकतो, १०० किलोचा दाब सोसतो आणि उणे १० अंश थंडीतही काम करतो. वजन सुमारे २५० ग्रॅम, म्हणजे पावशेर. रिकोह आणि पेंटॅक्स यांच्या डब्ल्यूजी मालिकेतही अशाच जातीचे कॅमेरे निघाले आहेत. कोणत्याही एका कंपनीची जाहिरात करण्याचा आमचा हेतू नाही. दणकट म्हणजे काय, याचे माप वाचकांना कळावे एवढाच उद्देश आहे.

खोक्यावर ‘आयपी ६८’ असे काही लिहिलेले दिसते. त्यातला पहिला आकडा धुळीचा असतो. ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा आकडा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, ८ म्हणजे त्याहून कठीण परीक्षा. मात्र या परीक्षा कारखान्यात नव्या कोऱ्या वस्तूवर, गोड्या पाण्यात होतात. बॅटरीच्या झाकणाला जी रबरी पट्टी असते, तिच्यावर एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरते. म्हणून झाकण बंद करण्यापूर्वी पट्टी मऊ कोरड्या कापडाने पुसावी. समुद्रात वापर झाला तर त्याच संध्याकाळी कॅमेरा गोड्या पाण्याने धुवावा. रबर कालांतराने कडक होते, त्यामुळे जुना वापरलेला कॅमेरा घेताना तो ‘वॉटरप्रूफ’ आहे असे गृहीत धरू नये. पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसते की नाही, हेही पैसे देण्यापूर्वी वाचावे.

आकड्यांना भुलू नका

दुकानदार सर्वप्रथम मेगापिक्सेल सांगतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. उत्तम छपाईला इंचामागे ३०० ठिपके लागतात. म्हणजे १३ बाय १० इंचांचा फोटो त्यातून स्वच्छ निघतो. भिंतीवर लावायला याहून मोठा फोटो किती जण काढतात? काही अनोळखी नावाचे स्वस्त कॅमेरे ४८ किंवा ५६ मेगापिक्सेल सांगतात, पण त्यांतले बरेचसे ठिपके कॅमेऱ्याने अंदाजाने भरलेले असतात. त्यांच्यापासून दूर राहावे.

खरा फरक प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या, म्हणजे सेन्सरच्या आकाराने पडतो. दणकट छोट्या कॅमेऱ्यांत तो सहसा सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा असतो. ‘एक इंची’ म्हटला जाणारा सेन्सर सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे चौपट असतो. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेत किंवा कॅननच्या जी७एक्स मालिकेत असा मोठा सेन्सर आहे. त्यामुळे रात्रीचे आणि अंधाऱ्या जागेचे फोटो अधिक चांगले येतात. परंतु हे कॅमेरे नाजूक असतात. पाणी, वाळू आणि पडझड त्यांना सोसत नाही. दोन्ही गुण एकाच छोट्या आणि परवडणाऱ्या कॅमेऱ्यात मिळणे कठीण. कुठला गुण सोडायचा, हे आपण कुठे जाणार यावरून ठरवावे.

झूमच्या बाबतीतही सावध राहावे. ‘ऑप्टिकल’ झूम हाच खरा झूम. ‘डिजिटल’ झूम म्हणजे काढलेलाच फोटो कापून मोठा करणे.

श्रीलंकेचेच उदाहरण घेऊ

समजा, एखादे कुटुंब वैशाख पौर्णिमेच्या सुमारास श्रीलंकेला निघाले आहे. मे महिन्यात त्या देशाच्या नैर्ऋत्य भागात पावसाळा सुरू होतो. मिहिंतलेला सुमारे १८४० पायऱ्या आहेत. विहाराच्या आवारात चपला आणि टोपी काढावी लागते. एका हातात फुले, दुसऱ्या हातात आजींचा हात, वरून पाऊस. अशा वेळी मनगटाला दोरीने अडकवलेला, भिजला तरी चालणारा छोटा कॅमेराच कामाला येतो.

पोलोन्नरुवच्या गल विहारात खडकात कोरलेली तथागतांची पहुडलेली मूर्ती सुमारे १४ मीटर लांब आहे. ती पूर्ण टिपायला रुंद लेन्स लागते. २५ मिलिमीटरच्या लेन्सने साधारण १० मीटरवरून ती पूर्ण मावते. ५० मिलिमीटरच्या लेन्सने तेवढ्यासाठी जवळजवळ २० मीटर मागे जावे लागेल, आणि गर्दीत तेवढी जागा मिळेलच असे नाही. म्हणून कॅमेरा घेताना तो किती दूरचे दाखवतो याआधी किती रुंद दाखवतो, ते विचारावे.

मात्र कँडीची रात्रीची पेरहेरा मिरवणूक किंवा दंबुल्लाच्या लेण्यांतला मंद उजेड, इथे दणकट छोटा कॅमेरा थोडा कमी पडेल. तेव्हा हात भिंतीला किंवा खांबाला टेकवून श्वास रोखून फोटो काढावा. फ्लॅश जुन्या रंगचित्रांना बाधतो, म्हणून तो बंद ठेवण्याची सवय आधीच लावून घ्यावी. सिगिरियाच्या भित्तिचित्रांचे तर फोटो काढायलाच मनाई आहे. ती डोळे भरून पाहावीत.

आणखी एक गोष्ट. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढणे हा अनादर मानतात. २०१२ साली बुद्धमूर्तीचे चुंबन घेतानाचे फोटो काढल्याबद्दल तीन फ्रेंच पर्यटकांना तेथील न्यायालयाने शिक्षा सुनावली होती; ती स्थगित ठेवली गेली, एवढेच. आपण तर वंदनेसाठी जाणारी माणसे. मूर्तीच्या बाजूला, हात जोडून, तिच्याकडे तोंड करून उभे राहावे. आणि कोणा भन्तेंचा किंवा वंदना करणाऱ्या उपासिकेचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये.

निघण्यापूर्वी

कॅमेरा निदान पंधरा दिवस आधी घ्यावा आणि घरातील सर्वांनी तो हाताळावा. एकटा मुलगाच फोटो काढत राहिला तर कुटुंबाच्या एकाही फोटोत तो स्वतः दिसत नाही. आईलाही बटण दाबता आले पाहिजे.

जास्तीची एक बॅटरी घ्यावी. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात. मोठ्या बॅगेत टाकल्यास अडचण होते. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिले असेल तर तो बहुतेक सर्व देशांत चालतो, पण पिन बदलते. ब्रिटनमध्ये तीन चौकोनी पायांची पिन लागते. कॅमेऱ्याच्या बिलाची प्रत आणि त्याचा क्रमांक जवळ ठेवावा. कॅमेरा फार महाग असेल तर जाताना विमानतळावर सीमाशुल्क खात्याकडून त्याचे निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना तो परदेशात घेतल्याचा संशय येत नाही.

थंड वातानुकूलित गाडीतून दमट हवेत उतरताच लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा थोडा वेळ पिशवीतच राहू द्यावा, घाईने उघडू नये. परत आल्यावर तो आपल्या पावसाळ्यात तसाच कपाटात ठेवला तर लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

एका फोटोला ५ एमबी धरले तरी ३२ जीबीच्या कार्डात सुमारे सहा हजार फोटो मावतात. एवढे फोटो पाहणार कोण? रोज रात्री दहा मिनिटे बसून नको ते काढून टाकावेत आणि उरलेल्यांची प्रत दुसऱ्या कार्डावर घ्यावी. दोन्ही कार्डे एकाच पिशवीत ठेवू नयेत.

आमची शेवटची विनंती अशी की, परतल्यावर त्यांतले पंचवीस-तीस फोटो कागदावर छापून घ्यावेत. मागे फोटोतल्या प्रत्येकाचे नाव, ठिकाण आणि तारीख पेन्सिलने लिहावी. फोन बदलतात, कार्डे खराब होतात. नाव लिहिलेला छापील फोटो मात्र पन्नास वर्षांनीही नातवाला सांगेल की, ही माझी पणजी आणि ती अनुराधपूरच्या महाबोधीखाली उभी आहे.