100 गुणांचा गट शेवटी कसा गेला? जावास्क्रिप्टमध्ये यादीतली यादी क्रमाने कशी लावायची?

समजा, शाळेच्या क्रीडा स्पर्धेचा निकाल तुम्हाला वेबपेजवर लावायचा आहे. प्रत्येक गटाचं नाव आणि गुण अशी एक छोटी यादी, आणि अशा चार याद्यांची मिळून एक मोठी यादी. यालाच नेस्टेड अ‍ॅरे म्हणतात:

गट = [['हिरवा', 80], ['लाल', 100], ['पिवळा', 9], ['निळा', 80]]

यावर नुसतं सॉर्ट वापरलं, तर क्रम येतो निळा, पिवळा, लाल, हिरवा. 100 गुणांचा लाल गट तिसरा आणि 9 गुणांचा पिवळा दुसरा!

असं का होतं?

वेगळा नियम दिला नाही, तर जावास्क्रिप्ट प्रत्येक आतल्या यादीचा मजकूर करते, म्हणजे 'हिरवा,80' असा. मग अक्षरं पाहून क्रम लावते. न, प, ल, ह. गुणांपर्यंत गोष्ट पोहोचतच नाही.

मग नियम कसा सांगायचा?

सॉर्टला एक छोटं फंक्शन द्यायचं:

गट.सॉर्ट((अ, ब) => ब[1] - अ[1])

मोजणी शून्यापासून होते, म्हणून [0] म्हणजे नाव आणि [1] म्हणजे गुण. उत्तर ऋण आलं तर 'अ' आधी, धन आलं तर 'ब' आधी, शून्य आलं तर दोघे समान. इथे जास्त गुणवाला वर येतो. कमी गुणांपासून सुरुवात हवी असेल, तर अ[1] - ब[1] लिहा. (प्रत्यक्षात 'सॉर्ट' हा शब्द इंग्रजी लिपीतच टाईप करावा लागतो. 'गट', 'अ', 'ब' ही नावं मात्र देवनागरीतही चालतात.)

गुण फॉर्ममधून आले असतील तर?

खरी गडबड इथे होते. फॉर्मच्या रकान्यात भरलेला आकडा मजकूर म्हणून येतो. अशा दोन आकड्यांची तुलना > या चिन्हाने केली, तर '9' हा '100' पेक्षा मोठा ठरतो, कारण आधी पहिलंच अक्षर पाहिलं जातं. ढाल पिवळा गट घेऊन जाईल आणि लाल गट तळाला! वजाबाकी केली की मजकुराचा आकडा आपोआप होतो, म्हणून वरचा नियम इथेही चालतो. पण एखाद्या रकान्यात 'गैरहजर' लिहिलं असेल, तर वजाबाकी होत नाही आणि क्रमावर भरवसा राहत नाही. अशा नोंदी आधीच वेगळ्या काढा.

गुण सारखे असतील तर?

हिरवा आणि निळा, दोघांचेही 80. 2019 च्या मानकापासून समान घटक मूळ क्रमातच राहतात, म्हणून हिरवा आधी येतो. त्याआधी क्रोममध्ये 10 पेक्षा जास्त घटकांच्या यादीत हा क्रम बदलू शकत असे.

मूळ यादीचं काय?

सॉर्ट मूळ यादीच बदलून टाकते. ती जशीच्या तशी हवी असेल, तर 2023 च्या मानकात आलेलं टूसॉर्टेड वापरा. ते नवी यादी देतं.

निकाल जाहीर करण्याआधी एकदा 9, 80, 80, 100 असे गुण घालून पाहा. एक, दोन आणि तीन अंकी आकडे आणि एक बरोबरी असली, की चूक लगेच दिसते.