विमानतळ आला, नेऱ्याच्या कारागिराला गाळा कोण देणार?

पनवेलहून मालडुंग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेरे लागते. शांतिवनामुळे हे गाव बाहेरच्यांना ठाऊक होते. आता ते इमारतींमुळे ठाऊक होत आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले, 25 डिसेंबरपासून विमाने उडू लागली, आणि या पट्ट्यात जमिनीच्या भावाखेरीज दुसरे बोलणे राहिले नाही. पण या इमारतींना ग्रिल लावणारा, फर्निचर करणारा, मोटारसायकल दुरुस्त करणारा कारागीर बसणार कुठे? यांत आपले बांधव पुष्कळ आहेत, म्हणून हा प्रश्न आम्ही येथे घेत आहोत.

पनवेलला कारागिरीचे वावडे कधीच नव्हते. मुंबई-पुण्याची वाहतूक रेल्वेपूर्वी याच बंदरातून होई, आणि बैलगाडीची चाके करण्याच्या येथील धंद्याची नोंद इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरमध्येही आहे. नगरपालिका तर 1852 ची.

नेऱ्याची अडचण वेगळी आहे. 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महापालिका झाली तेव्हा 29 गावे तिच्यात गेली. नेरे गेले नाही. घरपट्टी ग्रामपंचायत घेते. नियोजनाचे अधिकार मात्र 2013 पासून 'नैना' क्षेत्राच्या नावाने सिडकोकडे आहेत. शेड टाकायची तर एक दार, ना हरकत दाखल्याला दुसरे, वीज मीटरला तिसरे. मोठा बिल्डर यासाठी माणूस ठेवतो. वेल्डरला त्या दिवशी दुकान बंद ठेवावे लागते, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच.

खरा धोका पुढे आहे. नैनाच्या नगररचना योजनेत जमीनमालकाला आपल्या जमिनीच्या 40 टक्के विकसित भूखंड परत मिळतो. उरलेल्यातून रस्ते, बागा, शाळा होतात. सातबारा ज्याच्या नावावर, भूखंड त्याच्या नावावर. पण आपला कारागीर बहुधा भाड्याच्या जागेत असतो. मालकाने तेथे इमारत बांधली की पत्र्याचे शेड जाते, आणि खाली जे गाळे निघतात त्यांचे डिपॉझिट ऐकूनच तो मागे फिरतो. ठोकाठोक, भट्टी, रंगकाम यांना गृहसंकुले आपल्या खाली बसू देत नाहीत, हे निराळेच.

कारखानदाराला बोलावण्यासाठी सरकारे सवलती जाहीर करतात. लहान धंद्याला करमाफीपेक्षा हक्काची जागा अधिक उपयोगी पडते, असे आमचे मत आहे. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी 1904 मध्ये पहिला यंत्रमाग बसवला, तो जहागीरदार घोरपडे यांच्या पाठबळाने. पुढे ते गाव मागांचे शहर झाले. सत्ता पाठीशी असली की एका मागाचे काय होते ते यावरून दिसते. जवळच कळंबोलीत सिडकोने पोलादाच्या व्यापाऱ्यांसाठी अख्खी बाजारपेठ वसवली आहे. मग आमचे विचारणे एवढेच, की पोलाद विकणाऱ्याला जागा मिळते, तर तेच पोलाद कापून जोडणाऱ्याला चार लहान गाळे का मिळू नयेत?

तेव्हा मागणी वेळेवर झाली पाहिजे. योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवसांत बाधित व्यक्तीला लेखी हरकत देता येते. भाडेकरू कारागिरांनी एकत्र अर्ज करून सुविधा भूखंडांपैकी एक लहान कारागिरांच्या गाळ्यांसाठी मागावा. ग्रामसभेतही ठराव घ्यावा. ग्रामपंचायतीने स्वतः गाळे बांधले तर लिलाव नको. लिलावात पैसेवाला जिंकतो आणि गाळा पोटभाड्याने देतो. कमी डिपॉझिट ठेवून चिठ्ठ्या टाकाव्यात आणि गाळा प्रत्यक्ष काम करणाऱ्यालाच द्यावा.

एक काम तर ग्रामपंचायतीच्या हातात आजच आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी, गवंडी, न्हावी, चर्मकार अशा 18 धंद्यांना प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, नंतर 2 लाखांचे कर्ज आहे. व्याजामुळे कर्ज नको असेल त्यांनी अर्ज टाळू नये. प्रमाणपत्र आणि अवजारांची मदत कर्जाविनाही मिळते. गॅरेजवाला आणि वेल्डर मात्र या यादीत नाहीत, ही मोठी उणीव आहे. गावात अर्जाची पहिली तपासणी ग्रामपंचायतीकडे होते. ती अडली की पुढचे सारे अडते. ज्यांनी सेवा केंद्रात अर्ज भरला आहे त्यांनी आपला अर्ज पंचायतीच्या टप्प्यावर पडून आहे का, हे विचारून घ्यावे.

रस्त्याकडेला बसणाऱ्या फळ-भाजीवाल्यांसाठीही एक बातमी आहे. पीएम स्वनिधीचे कर्ज आजवर शहरांपुरते होते. ऑगस्ट 2025 मध्ये योजनेची मुदत 31 मार्च 2030 पर्यंत वाढवताना ती शहरालगतच्या भागांपर्यंत टप्प्याटप्प्याने नेण्याचे ठरले, आणि पहिले कर्ज 10,000 वरून 15,000 रुपये झाले. नेऱ्याचा टप्पा कधी, हे ग्रामपंचायतीकडे लेखी विचारावे आणि पोचपावती जपून ठेवावी.