विकाऊ घराचा बाह्यरंग

घर विकायचे ठरले की मालकाचे लक्ष आधी स्वयंपाकघराच्या ओट्याकडे आणि न्हाणीघराच्या फरशीकडे जाते. खरेदीदार मात्र घर पाहायला सुरुवात करतो ती फाटकापासून. अलीकडे तर फाटकाच्याही आधी, मोबाइलच्या पडद्यावरील छायाचित्रातच त्याचे निम्मे मत बनलेले असते. त्यामुळे बंगला, रो-हाऊस किंवा गावाकडचे जुने घर विक्रीला काढताना बाहेरचा रंग हा अखेरीस उरकून टाकण्याचा विषय राहत नाही.

स्वतः राहण्यासाठी निवडलेला रंग आणि विकण्यासाठी निवडलेला रंग यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यात घरमालकाची आवड दिसावी, दुसऱ्यात ती शक्य तितकी दिसू नये. पोपटी किंवा जांभळी भिंत एखाद्याला मनापासून आवडेलही. पण बाकीच्यांच्या मनात ताबा घेतल्याबरोबर करावयाच्या रंगकामाचा खर्च उभा राहतो आणि तो बोली करताना वजा होतो. फिकट मलई, बिस्किटी, मातकट पांढरा, हलका राखाडी अशा छटांना मागणी असते ती याच कारणाने. या छटा कोणाला फारशा आवडत नसतील, पण खटकतही नाहीत.

अमेरिकेतील ‘झिलो’ या घरखरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाने २०१८ मध्ये विकल्या गेलेल्या घरांच्या छायाचित्रांवरून असा निष्कर्ष काढला होता, की काळा किंवा कोळशी रंगाचा मुख्य दरवाजा असलेली घरे अपेक्षेपेक्षा सुमारे सहा हजार डॉलर अधिक किमतीला गेली. हा आकडा पुढे बराच गाजला. परंतु दरवाजा निगुतीने रंगवणारा मालक घराची इतर निगाही राखत असणार, हे विसरता कामा नये. शिवाय ज्या दारावर तोरण लागते आणि ज्याच्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिले जाते, ते दार काळे करण्याचा सल्ला आपल्याकडे कोणी देऊ धजणार नाही. सागवानी दरवाजा घासून त्याला पॉलिश करणे येथे अधिक फलदायी ठरते.

रंग निवडण्याची सुरुवात शेड कार्डापासून न करता घरातील न बदलणाऱ्या गोष्टींपासून करावी. मंगलोरी कौलांचा तांबडा, जोत्याच्या काळ्या दगडाचा करडा, ओसरीवरच्या शहाबादी फरशीचा निळसर राखाडी हे रंग बदलणार नसतात. भिंतीची छटा त्यांच्याशी जुळली पाहिजे. तांबड्या कौलाखाली थंड निळसर पांढरा विजोड दिसतो, मलईकडे झुकणारा पांढरा शोभतो. कोकणात जांभ्याची उघडी भिंत सुस्थितीत असेल, तर तिच्यावर रंग चढवणे म्हणजे घराचे वैशिष्ट्य स्वखर्चाने पुसणे होय. जोत्यालगत गेरूचा पट्टा ओढण्याची जुनी रीतही निव्वळ शोभेची नव्हती. पागोळ्यांनी उडालेला लाल चिखल त्या पट्ट्यावर दिसत नसे. पांढऱ्याशुभ्र भिंतीचा पायथा मात्र पहिल्याच पावसात मळतो.

गेरू आणि पिवडी यांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्यांचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे आलेला असल्याने तो उन्हात सहसा विटत नाही. भडक पिवळ्या, गुलाबी, जांभळ्या छटांमधील अनेक सेंद्रिय रंगद्रव्ये अतिनील किरणांनी लवकर फिकी पडतात, आणि तीही दक्षिण-पश्चिमेच्या भिंतींवर आधी. घर विकायला आठ-दहा महिने लागले तर तोवर एकाच घराच्या दोन भिंती दोन रंगांच्या दिसू लागतात. कार्डावरच्या इंचभर तुकड्यात सौम्य वाटणारी छटा मोठ्या भिंतीवर उन्हात भडक होते, हेही ध्यानात घ्यावे. म्हणून दोन-तीन छटांचे दोन-दोन फुटांचे चौकोन भिंतीवर मारून ते सकाळी, भर दुपारी आणि सायंकाळी पाहावेत. एवढी सबुरी फार थोडे लोक दाखवतात.

खरी अडचण वेळेची असते. पितृपक्ष संपताच घरे पाहणाऱ्यांची वर्दळ वाढते आणि दसरा-दिवाळीला व्यवहार ठरतात, म्हणून मालक पाऊस थांबण्याआधीच रंगाऱ्याला बोलावतो. पण चार महिने पाणी प्यालेली भिंत आठवड्यात वाळत नाही. अशा भिंतीवर इमल्शनचे दोन हात मारले, की आतली ओल बाहेर पडण्यासाठी रंगालाच फुगवते आणि ऐन दिवाळीत पोपडे दिसतात. नवा गिलावा केला असेल तर त्याला साधारण चार आठवडे द्यावे लागतात, कारण ताज्या सिमेंटमधील क्षार रंग खातात. घाई असेल तर शेवाळ ब्रशने घासून भिंत धुणे, खिडक्यांचे गज व फाटक रंगवणे आणि भिंतीचे काम उन्हाळ्यावर सोडणे अधिक शहाणपणाचे. जुना तैलरंग खरवडताना मुलांना दूर ठेवावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१७ मध्ये लागू झाले, त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते.

पण विक्रीपूर्व रंगकामामागे कित्येकदा वेगळाच हेतू असतो. सज्जाखालचा काळा ओघळ, तुळईलगतची भेग, लोखंड गंजून फुगलेला गिलावा हे सारे पुट्टी आणि दोन हातांखाली तात्पुरते झाकता येते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला सामान्य दक्षता घेऊनही कळणार नाही असा महत्त्वाचा दोष उघड करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर आहे. जी भेग उघडी असती तर कोणालाही दिसली असती, ती रंगाखाली गेल्यावर न दिसणारी होते. म्हणजे झाकणारा आपल्या हातानेच स्वतःवरील जबाबदारी वाढवतो. आधी गळतीचे मूळ शोधून दुरुस्ती करावी, तिची बिले जपून ठेवावीत आणि ती खरेदीदाराला दाखवावीत. जाणकार खरेदीदाराला नव्या रंगाच्या वासाने समाधान होत नाही, संशय येतो. तो गच्चीवर जाऊन पाहतो, शक्यतो पावसाळ्यात पुन्हा एकदा येतो.

सदनिकाधारकाच्या हाती यातले फारसे काही नसते. इमारतीची बाहेरची बाजू संस्थेची असते, आणि आपल्या बाल्कनीपुरता वेगळा रंग देणे नियमात बसत नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करावयाची असते. जुन्या इमारतीतील सदनिका विकताना हा अहवाल आणि दुरुस्ती निधीचा हिशेब बाहेरच्या रंगापेक्षा अधिक कामी येतो. संस्थेने रंगकामाचा ठराव केला असेल, तर प्रत्येक सदनिकेवर किती वर्गणी येणार आणि ती विक्रेता भरणार की खरेदीदार, हे करारनाम्यातच लिहून घ्यावे. यावरून हस्तांतरणाच्या वेळी होणारे वाद नेहमीचे आहेत.