औषधी बागेतील नवे औषध

ऑक्सफर्डचे नाव निघाले की आपल्या कॅथलिक वाचकांस संत जॉन हेन्री न्यूमन यांचे स्मरण व्हावे, हे साहजिकच आहे. तेथेच ते शिकले आणि पुढे शिकवीत राहिले. त्याच विद्यापीठाच्या मालकीची, मॉडलिन पुलाशेजारी, चारशे वर्षांची एक बाग आहे. आज तिच्याविषयी लिहावयाचे आहे.

२५ जुलै १६२१ रोजी, संत याकोबाच्या सणादिवशी, तिची पायाभरणी झाली. हेन्री डॅन्व्हर्स नामक उमरावाने त्यासाठी ५००० पौंड दिले. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती प्रत्यक्ष पाहून ओळखता याव्यात, हा हेतू. कारण एका मुळीऐवजी दुसरी दिली गेली तर रोगी दगावावयाचा. महाद्वारावरील लॅटिन लेखात आधी देवाचा गौरव, मग राजाचा मान आणि त्यानंतर विद्यापीठाचा उपयोग, असा क्रम आहे. तो मला फार आवडला.

अलीकडे ही बाग निरोग्यांसाठीही कार्यक्रम योजते. वनस्पतींची चित्रे काढण्याचे वर्ग भरतात, योगासने होतात आणि बागेच्याच १३० एकरांच्या वृक्षोद्यानात 'वनस्नान' घडते. वनस्नान म्हणजे डुंबणे नव्हे. झाडांमधून अगदी सावकाश चालावे, थांबावे, पानांचा आवाज ऐकावा, मातीचा वास घ्यावा, एवढेच. १९८२ साली जपानच्या वनखात्याने हा शब्द रूढ केला.

खरे सांगावयाचे तर प्रथम मला हसू आले. झाडाखाली स्वस्थ बसावयास शुल्क! आमच्या आज्यांनी हे फणसाखाली फुकट केले. पण १९८४ साली रॉजर उलरिख या अमेरिकन संशोधकाने प्रसिद्ध केलेल्या नोंदी वाचल्या आणि हसू मावळले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रोगी. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडे पाहणारे थोडे लवकर घरी गेले व त्यांना वेदनाशामक तीव्र औषधे कमी लागली. रोगी थोडे होते, हे खरेच. तरीही आजाऱ्यांना कम्युनियन देण्यास जातो, तेव्हा म्हाताऱ्यांची खाट बहुधा आतल्या काळोख्या खोलीत, भिंतीकडे तोंड केलेली आढळते. अंगणात मात्र आंबा उभा असतो. ती खाट खिडकीशी ओढण्यास काय लागते?

चित्रकलेची परंपराही तेथे जुनी आहे. १७८६ साली प्राध्यापक सिबथॉर्प हे फर्डिनांड बाउअर या चित्रकारास घेऊन ग्रीस आदी देशांच्या प्रवासास निघाले. वाटेत रंग भरण्यास सवड नसे. म्हणून बाउअर पेन्सिलीच्या रेखाटनात प्रत्येक छटेच्या जागी एक आकडा लिही. पुढे ऑक्सफर्डला बसून, त्या आकड्यांवरून, त्याने वर्षानुवर्षे चित्रे रंगविली. त्यांतून सिद्ध झालेल्या ग्रंथात ९६६ चित्रे आहेत. एवढे पाहणे डोळ्यांचे नव्हे, चित्ताचे काम आहे.

मागच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या मुलांना मी जास्वंद आठवून काढावयास सांगितले. कोणी सहा पाकळ्या काढल्या, कोणी आठ. मग सारी आवारातल्या झाडापाशी धावली. पाकळ्या पाच निघाल्या. आणि एका मुलीने मधल्या दांड्याच्या अगदी टोकाशी असलेले पाच इवले मखमली ठिपके दाखविले. ते मीही पूर्वी कधी पाहिले नव्हते.